राहून गेलेला कागद

१८५३ सालच्या हिवाळ्यात, वीस दिवसांच्या अंतराने, दोन मराठी राजे वारले. २१ नोव्हेंबरला झाशीचे गंगाधरराव नेवाळकर आणि ११ डिसेंबरला नागपूरचे तिसरे रघुजी भोसले. दोघांनाही मागे मुलगा नव्हता. गंगाधररावांनी मरणाच्या आदल्या दिवशी नात्यातला पाच वर्षांचा आनंदराव दत्तक घेतला, त्याचे नाव दामोदरराव ठेवले, इंग्रज अधिकारी मेजर एलिस यांच्या समक्ष खलिता लिहून दिला. रघुजींनी यातले काहीच केले नाही. त्यांनी दत्तक घेतला नाही, राण्यांना तसा अधिकार दिल्याचा कागदही मागे ठेवला नाही. पुढच्या काही महिन्यांत लॉर्ड डलहौसीने दोन्ही राज्ये खालसा केली, त्यामुळे शाळेच्या पुस्तकात ही दोन नावे एकाच वाक्यात येतात आणि त्यांच्यातला फरक पुसला जातो.

मी भिलाईला राहते, म्हणजे यातल्या दुसऱ्या राजाच्या मुलखात. हे इथे फारसे कुणाला आठवत नाही. भिलाईचा इतिहास लोक १९५५ पासून मोजतात: रशियाशी झालेला करार, मग ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पेटलेली पहिली धमनभट्टी, सेक्टरांची आखणी, नागपूर-अमरावतीकडून आलेली आमच्यासारखी घरे. पण त्याच्या दोनशे वर्षे आधी, १७५८ च्या सुमारास, बिंबाजी भोसले रतनपूरच्या गादीवर बसले होते आणि छत्तीसगडच्या दफ्तरात मराठी भाषा आणि मोडी लिपी आली होती. आमच्या आधी इथे आमची भाषा येऊन गेली होती, आणि ती गेली ती रघुजींच्या त्या न लिहिलेल्या कागदामुळे, असे म्हटले तर ते अर्धेच खरे ठरेल. डलहौसीला नागपूर हवेच होते. कापूस हवा होता, मुंबई-कलकत्ता सलग वाट हवी होती. तरीही जानेवारी १८५४ च्या आपल्या टिपणात तो ज्या एका मुद्द्यावर सर्वांत निवांत उभा आहे तो हाच: राजाने स्वतः दत्तक घेतला नाही, मागे वारस नाही.

रघुजींच्या बाबतीत मला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट वेगळी आहे. ते स्वतः दत्तक होते, आणि तेही मरणोत्तर. १८१८ मध्ये आप्पासाहेबांना पदच्युत केल्यावर कंपनी सरकारनेच पुढाकार घेतला आणि आधीच वारलेल्या परसोजींच्या विधवेकडून, दुर्गाबाईंकडून, दुसऱ्या रघुजींचा मुलीकडून नातू असलेला बाजीबा गुजर दत्तक घेववला. तो पोर म्हणजे तिसरे रघुजी. विधवेने नवऱ्याच्या माघारी घेतलेला दत्तक १८१८ मध्ये कंपनीला चालला, कारण तेव्हा नागपुरात कोवळा राजा सोयीचा होता. पस्तीस वर्षांनी तोच रिवाज चालेनासा झाला. ज्याचे अख्खे आयुष्य अशा एका विधीवर उभे होते त्याने तोच विधी टाळत राहावे, हे कोडे मी बराच काळ उलगडू पाहत होते. आता वाटते, त्यात कोडे नाही. त्यांनी पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. अजून मुलगा होईल, निदान अजून वेळ आहे, असे वाटण्याचेच ते वय. दत्तक घेणे म्हणजे ती आशा स्वतःच्या हाताने मिटवणे.

पुढचे वर्णन वाचवत नाही. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात गेले, जडजवाहीर विकायला कलकत्त्याला पाठवले गेले. दुसऱ्या रघुजींच्या विधवा बाकाबाई तेव्हा म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्या अर्ज करत राहिल्या, की राज्य घेतलेत ते घेतलेत, पण ही आमच्या घरची चीजवस्तू आहे. सरकारी काय आणि घरचे काय हे सांगणारा माणूस गेला होता आणि त्याने ते कुठे लिहून ठेवले नव्हते, तेव्हा ठरवायचे काम ज्याच्या हातात किल्ल्या होत्या त्याने केले. राण्यांनी मागाहून घेतलेला दत्तक, जानोजी, याला १८५७ नंतर कधीतरी मान्यता मिळाली, पण ती सातारा भागातल्या देऊरचा ‘राजे बहादूर’ म्हणून. नागपूर त्याच्या नावात आले नाही.

आता झाशीकडे पाहा. कागद असूनही राज्य गेलेच. मग त्या खलित्याचा उपयोग काय झाला? झाला, आणि तो विचित्र होता. डलहौसीच्या सरकारने म्हटले, हा दत्तक गादीसाठी आम्हाला मान्य नाही, पण खाजगी मालमत्तेसाठी हिंदू कायद्याप्रमाणे तो वैध आहे. म्हणून गंगाधररावांच्या खजिन्यातले सुमारे सहा लाख रुपये दामोदररावाच्या नावे, तो सज्ञान होईपर्यंत, बाजूला ठेवले गेले. लक्ष्मीबाईंना हे पटले नाही, पटण्यासारखे नव्हतेच. आणि १८५७ नंतर तेही पैसे त्या पोराला मिळाले नाहीत. पण कायदा म्हणून पाहिले तर त्या वीस दिवसांतला फरक इथे नेमका दिसतो. एका घरात मुलाचे काय हे निदान वाद घालण्याजोगे होते, दुसऱ्या घरात वादी म्हणून उभे राहायला माणूसच नव्हता.

मी इतिहासकार नाही. तौलनिक साहित्यात एम.ए. केले आणि गेली वीस वर्षे भाषांतरावर जगते. ही माणसे माझ्या टेबलावर आली ती एका भलत्याच वाटेने. भिलाई-दुर्गच्या मराठी घरांत वडील गेले, की ट्रंकेतून मराठी कागद निघतात: जुन्या वाटण्या, अमरावतीकडच्या शेताचे फेरफार, काकांनी लिहिलेली पत्रे. कोर्टाला ती हिंदीत हवी असतात. कुणी तरी कुणाला माझे नाव सांगते. वर्षाला अशी दहा-बारा कामे येतात आणि त्यांचे पैसे कवितेच्या भाषांतरापेक्षा वेळेवर मिळतात, हेही सांगून टाकते. या कामात एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. म्हाताऱ्यांची प्रकरणे बहुधा निभतात, कारण त्यांनी काहीतरी लिहिलेले तरी असते किंवा मुलांना तोंडी सांगितलेले असते. गुंता होतो तो पस्तीस-चाळिशीत गेलेल्यांच्या घरी.

शब्दाचाही दोष असावा. इंग्रजी ‘विल’ म्हणजे इच्छा. हिंदीत आम्ही इथे ‘वसीयत’ म्हणतो, त्याच्या अरबी मुळात सांगून ठेवण्याचा, बजावण्याचा भाव आहे. मराठीत मात्र रुळलेला शब्द आहे ‘मृत्युपत्र’. ‘इच्छापत्र’ही आहे, पण तो वकिलांच्या आणि लेखांच्या तोंडी. मृत्युपत्र म्हटले की चौथ्या माणसाने ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणायलाच हवे. आमच्या धर्मशास्त्रात ही कल्पना मुळात नव्हती. मिताक्षरेत मालमत्ता कुळाची, माणूस तिच्यातून येतो आणि जातो. जाताना आपल्या मर्जीने ती वाटण्याचा प्रश्न कुठे येतो? जे हवे ते दत्तकाने साधायचे. इंग्रजी अमदानीत कलकत्ता, मद्रास, मुंबईच्या कोर्टांत हिंदूंची मृत्युपत्रे येऊ लागली, १८७० मध्ये त्यांच्यासाठी कायदा झाला, आणि आज चालतो तो १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा.

पण कायदा नव्हता तेव्हाही कागद होते. मराठीतला मला माहीत असलेला सर्वांत नेटका असा कागद सत्तावीस वर्षांच्या माणसाचा आहे. थोरले माधवराव पेशवे क्षयाने थेऊरला पडले होते. ३० सप्टेंबर १७७२ ला, म्हणजे मृत्यूच्या सात आठवडे आधी, त्यांनी नऊ कलमांची याद केली. कर्ज फेडावे, हे त्यात ठळकपणे येते. प्रयाग आणि काशी ही क्षेत्रे सोडवण्याची वाडवडिलांची राहिलेली इच्छा येते. आणि ज्या काकांना चार वर्षांपूर्वी लढाईत हरवून त्यांनी वाड्यात नजरकैदेत ठेवले होते, त्या राघोबादादांच्या जहागिरीची तजवीज येते. हे शेवटचे मला फार मोठे वाटते. ज्याच्याशी आपले भांडण आहे त्याचेही काय करायचे ते लिहून ठेवणे. तापाने फणफणलेला, सत्तावीस वर्षांचा माणूस आपण गेल्यावर घरात कुठे ठिणगी पडेल याचा हिशेब करतो, आणि तिथे पाणी घालून ठेवतो.

ठिणगी तरी पडलीच. १८ नोव्हेंबरला माधवराव गेले आणि ३० ऑगस्ट १७७३ ला, वर्षही उलटायच्या आत, शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. म्हणजे कागदाने सगळे होते असे मला म्हणायचे नाही. इतिहास तसे म्हणूही देत नाही. पण त्या प्रकरणात राघोबादादांनी काय मोडले हे सगळ्यांना ठाऊक होते, कारण ते लिहिलेले होते. रामशास्त्र्यांनाही उभे राहायला जमीन होती.

कागद वेळेवर न करता अगदी शेवटच्या दिवशी केला तर काय होते, त्याचा नमुना पुण्यात आहे आणि त्यात टिळक आहेत. ७ ऑगस्ट १८९७ ला पुण्याचे सरदार बाबा महाराज पटकीने वारले. टिळक राजद्रोहाच्या खटल्यात तीनच दिवसांपूर्वी जामिनावर सुटले होते. बाबा महाराजांनी त्याच दिवशी मृत्युपत्र केले आणि टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे वगैरे मंडळींना विश्वस्त नेमले. पत्नी ताई महाराज वयाने लहान होत्या आणि गरोदर होत्या. मुलगा झाला नाही किंवा जगला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, असे त्यात होते. मुलगा झाला, पण दोन महिन्यांत गेला. १९०१ मध्ये औरंगाबादला जगन्नाथ हा मुलगा दत्तक घेतला गेला, मग ताई महाराजांनी तो दत्तक झालाच नाही असे म्हणून कोल्हापूरकडचा दुसरा मुलगा घेतला. तिथून जे सुरू झाले त्यात टिळकांवर खोट्या साक्षीचा खटला झाला, १९०३ मध्ये शिक्षा झाली, ४ मार्च १९०४ ला हायकोर्टाने ती रद्द केली. दिवाणी दावा एकदा जिंकला, हायकोर्टात हरला आणि शेवटी प्रिव्ही कौन्सिलने २६ मार्च १९१५ ला टिळकांच्या बाजूने निकाल दिला. अठरा वर्षे. दरम्यान टिळक मंडालेला जाऊन परत आले.

टिळकचरित्रात हे प्रकरण टिळकांच्या चिकाटीची कथा म्हणून येते, आणि ती आहेच. पण मी ते वाचताना ताई महाराजांपाशी अडकते. नवरा पटकीने जातो आहे, अंगणात डॉक्टर, आत कारभारी, आणि कागदात तिचे पुढचे आयुष्य चार प्रौढ पुरुषांच्या संमतीला बांधले जाते आहे. तिला कुणी काही विचारले असेल का? एका दिवसात केलेल्या कागदात विचारायला वेळ कुठे असतो! नवरा-बायकोने तो सहा महिने आधी बसून केला असता तर शब्द वेगळे असते, असे मला वाटते. हे माझे वाटणे आहे, पुरावा नाही.

माझ्या वाटण्याला कारण आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुर्ग जिल्हा बंद होता आणि आठवड्यात आमच्या ओळखीतली किती माणसे गेली ते मोजणे आम्ही थांबवले होते, तेव्हा माझा नवरा गेला. चव्वेचाळीस वर्षांचा. मूल नाही. मृत्युपत्र नाही. ‘करू पुढच्या वर्षी’ असे आम्ही एकदा बोललो होतो, विम्याचा हप्ता भरताना, हसत. फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर होता, त्याच्या कमाईतला, माझ्याही थोड्या. बँकेतल्या खात्यावर मी नॉमिनी होते आणि मला वाटत होते की तेवढ्याने झाले. नॉमिनी मालक नसतो, फक्त पैसे स्वीकारणारा असतो, वाटा वारसांचा, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याबद्दल १९८३ मध्येच सांगितले आहे. शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दल तेच डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितले, आणि तो वाद होता ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकरांच्या मृत्युपत्रामागचा. ज्यांचे कॅलेंडर आमच्या भिलाईच्या स्वयंपाकघरातही लटकते त्यांच्याकडेसुद्धा हा प्रश्न गेला, म्हणजे आमच्यासारख्यांचे काय.

हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६. मुले नसलेला पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची बायको आणि आई पहिल्या वर्गातल्या वारस, दोघींना सारखा वाटा. (वडील त्या वर्गात नाहीतच. हे मी लोकांना सांगते तेव्हा पुरुष मंडळी चमकतात.) म्हणजे फ्लॅट अर्धा माझा, अर्धा सासूबाईंचा. सासूबाई म्हणाल्या, मला काय करायचे आहे, तुझ्या नावावर करून टाकू. खरेच म्हणाल्या आणि मनापासून म्हणाल्या. मग त्यांचे डोळ्यांचे ऑपरेशन, मग फौतीसाठी तहसिलीत खेटे, मग पावसाळा. २०२३ मध्ये त्या गेल्या. त्यांचा अर्धा वाटा कायद्याने त्यांच्या मुलांकडे, म्हणजे माझ्या दिराकडे आणि नणंदेकडे गेला. बाई मृत्युपत्र न करता गेली तर आधी गेलेल्या मुलाच्या मुलांना वाटा मिळतो, त्याच्या विधवेला त्या पायरीवर काही नाही. दीर चांगला आहे. वहिनी, आपण करू हो काहीतरी, असे तो फोनवर म्हणतो. त्याच्या मुलाचे इंजिनिअरिंगचे शेवटचे वर्ष आहे, कर्ज आहे. तोही पंचेचाळिशीचा आहे आणि त्यानेही काही लिहून ठेवलेले नाही. ज्या दिवशी मला हे सुचले त्या रात्री मला झोप आली नाही, आणि स्वतःची लाजही वाटली.

मग मी स्वतःच्या नावाने कायदा वाचला. मूल नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिची मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिचे आईवडील त्यांच्यानंतर. तिने स्वतः कमावलेलीसुद्धा. हे मला खरे वाटेना म्हणून मी २००९ चा ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण हा निकाल काढून वाचला. मुलगी लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली. सासरच्यांनी घराबाहेर काढलेली. माहेरी आईवडिलांनी शिकवली, नोकरीला लागली, जन्मभर कमावले आणि मृत्युपत्र न करता गेली. तिच्या आईने मागणी केली. सर्वोच्च न्यायालयाने सहानुभूती व्यक्त केली, आणि सारे पैसे नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना दिले, कारण कलम तसे आहे. भावनेने कायद्याचा अर्थ लावता येत नाही, असा त्या निकालाचा सूर आहे. मला तो राग आणणारा वाटला, पण चूक आहे असे म्हणता आले नाही. भाषांतर करतानाही मूळ मजकूर आवडला नाही म्हणून बदलता येत नाही.

माझी आई माझ्याकडे राहते. बहात्तर वर्षांची आहे. तिच्या औषधांचा डबा, माझी मुदत ठेव, आणि माझी भाषांतरे. हे शेवटचे वाचकांतल्या लिहित्या मंडळींनी नीट ऐकावे. कॉपीराइट आपल्यामागे साठ वर्षे राहतो आणि वारसाहक्काने फिरतो. माझी नऊ पुस्तके आहेत, त्यांतली दोन अजून विकली जातात. उद्या कुणाला त्यातला उतारा पाठ्यपुस्तकात घ्यायचा झाला, तर परवानगी कोण देणार? दिराचा मुलगा, जो मराठी वाचत नाही? मी स्वतः एका कवीच्या वारसांना शोधत दोन वर्षे घालवली आहेत. चाळिशीत गेलेला कवी. त्याची कविता शेवटी संग्रहात घेता आली नाही. केशवसुत एकोणचाळीसाव्या वर्षी गेले आणि त्यांची कविता पुस्तकरूपाने १९१७ मध्ये आली, बारा वर्षांनी, हरिभाऊ आपट्यांनी मनावर घेतले म्हणून. प्रत्येकाला हरिभाऊ भेटत नाहीत.

करायला लागते तरी किती? वय अठरा पुरे, डोके ठिकाणावर हवे. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही, हाताने लिहिलेले चालते. आपली सही दोन साक्षीदारांसमोर, आणि त्यांच्या सह्या आपल्यासमोर. ज्यांना काही द्यायचे आहे त्यांना साक्षीदार करू नये. नोंदणी ऐच्छिक आहे, केली तर पुढे भांडण थोडे कमी. आणि ते केव्हाही फाडून नवे करता येते, हे तिशीतल्यांना सांगितले की त्यांचा चेहरा मोकळा होतो. त्यांना वाटत असते की हा शेवटचा कागद. रघुजींनाही तसेच वाटले असावे. दत्तक परत करता येत नाही. मृत्युपत्र येते.

मी माझे गेल्या फेब्रुवारीत लिहिले. आधी मराठीत, कारण दुसऱ्या भाषेत मला माझ्या आईला काही देता येईना. मग लक्षात आले की दुर्गच्या कोर्टात हे गेलेच तर कुणाला तरी हिंदी करावे लागेल, आणि ते काम करणारी बाई तेव्हा नसेल. म्हणून हिंदी मीच केले. ‘माझ्या मागे’ या शब्दांवर अर्धा तास गेला. ‘मेरे पीछे’ चालत नाही, ‘मेरे बाद’मध्ये काहीतरी गळते. शेवटी ‘मेरे न रहने पर’ असे घातले. साक्षीला शेजारचे तेलुगू जोडपे आले, सेक्टरातली पस्तीस वर्षांची ओळख. शेजाऱ्यांनी सही करण्याआधी सगळा कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारले, ‘भाभीजी, दीदी की डिक्शनरियां किसको?’ आई म्हणाली, मला नको, मला एवढे बारीक दिसत नाही. तेवढे कलम मग मी हाताने वाढवले आणि तिघांनी पुन्हा सह्या केल्या.

दिराला त्याच संध्याकाळी फोन केला. तो म्हणाला, वहिनी, तुम्ही बऱ्या आहात ना? मी म्हटले, बरी आहे, म्हणूनच. पुढच्या महिन्यात तो येतो आहे. कोरा कागद घेऊन ये म्हटले आहे.